सुई टोचायच्या आधी: नवजात बाळाची वेदना औषधाविना कशी कमी करावी

मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत बाळंतिणींचा वॉर्ड आणि नवजात बाळांचा कक्ष, या दोन्ही ठिकाणी मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय. जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून, शिराळ्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आणि पलीकडच्या अथणी-कागवाडहूनही बाळंतिणी इथे येतात. बाळाला टोचायची वेळ आली की आई तोंड फिरवते, बाप बाहेर जाऊन उभा राहतो आणि आजी म्हणते, "अगं, एवढ्याशा जिवाला काय कळतंय? दोन मिनिटं रडंल अन् गप हुईल." हे मार्गदर्शन त्या तिघांसाठी आहे. वॉर्डात नव्यानं रुजू झालेल्या सिस्टरांना आणि आशाताईंनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. बाळाला दुखतं. ते दुखणं कमी करता येतं आणि त्याला लागणारं बहुतेक सगळं आईच्या अंगाशीच असतं. पण ते सुईच्या आधी सुरू करावं लागतं. बाळ कळवळून रडायला लागल्यावर उचलून घेतलं तर ते शांत होतं खरं, पण कळ तोवर सोसून झालेली असते.

दुखतं हे कशावरून ओळखायचं

आजीचं म्हणणं काही तिच्या एकटीचं नाही. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतले डॉक्टरही असंच मानत होते. नवजात बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ पुरी झालेली नसते, त्यामुळे त्याला वेदना जाणवत नाही, या समजुतीवर पुरेशी भूल न देता बाळांच्या शस्त्रक्रियासुद्धा होत. मूळचे भारतीय असलेले डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झालं, आणि चित्र पालटलं. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि नंतरचे त्रासही कमी होतात, हे त्यातून दिसलं.

आज आपल्याला माहीत आहे, की वेदना मेंदूपर्यंत नेणारी यंत्रणा जन्माच्या बरीच आधी तयार असते. ती वेदना दाबून धरणारी यंत्रणा मात्र उशिरा पक्की होते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला नऊ महिने भरलेल्या बाळापेक्षा कमी दुखतं असं नाही, उलट जास्तच दुखत असावं. जन्मल्या-जन्मल्या वेदना सोसलेली बाळं पुढे लसीच्या सुईलाही जास्त रडतात, असंही अभ्यासांत आढळलंय.

रडणं ही एकच खूण धरू नका. चेहरा बघा. भुवयांच्या मध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटले जातात, नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, तोंड चौकोनी उघडतं. हाताची बोटं फाकतात नाहीतर मूठ आवळते, पाय ताठ होतात, श्वासाची लय बदलते. अगदी लहान किंवा फार आजारी बाळ यातलं काहीच करत नाही. त्याच्यात रडायचंही बळ नसतं, ते नुसतं ढिलं पडतं. "आमचं बाळ शहाणं, टोचलं तरी रडत नाही," असं काचेच्या पेटीतल्या बाळाचे नातेवाईक कौतुकानं सांगतात, तेव्हा माझ्या पोटात गलबलतं.

पहिली पायरी: कधी काय टोचणार ते विचारून घ्या

धडधाकट, पूर्ण दिवसांच्या बाळालाही पहिल्या काही दिवसांत चार-पाच वेळा टोचलं जातं. जन्मानंतर मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात. रक्तस्रावाचा धोका टाळण्यासाठी ते लागतंच. पहिल्या चोवीस तासांत मांडीतच हिपॅटायटिस बी ची लस, आणि डाव्या दंडावर बीसीजी. पोलिओचे थेंब तोंडातून असतात, त्यात दुखायचं काही नाही. बाळ पिवळं दिसलं तर काविळीसाठी रक्त, वजन कमी असेल किंवा आईला मधुमेह असेल तर साखर बघायला टाचेतून रक्त, आणि सोय असेल तिथे दोन-तीन दिवसांनी थायरॉइड वगैरेंच्या तपासणीसाठी पुन्हा टाच.

यातलं एकही टाळायचं नाही. "नको टोचायला, फार रडतंय" म्हणून लस पुढे ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका. दुखणं कमी करायचं ते लस बाळाला विनासायास मिळावी म्हणून. पण विचारून घ्यायला काहीच हरकत नाही: "सिस्टर, आज बाळाला काय काय टोचणार? थोडं आधी सांगाल का? मी तोवर अंगावर घेऊन बसते." एवढं सरळ विचारलं तर बहुतेक सिस्टर ऐकतात. आणखी एक विचारायचं: दोन तपासण्यांचं रक्त एकाच वेळी घेता येईल का? सकाळी काविळीसाठी आणि दुपारी दुसऱ्या कशासाठी टोचण्यापेक्षा एकदाच टोचलेलं बरं. न टोचलेली सुई सगळ्यात कमी दुखते, हे आम्हा नर्सांनाही अधूनमधून आठवावं लागतं.

व्हिटॅमिन के बद्दल थोडं वेगळं. बाळ जन्मल्यावर लगेच पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि तिथेच त्याला पहिल्यांदा प्यायला द्यायचं, ही पद्धत आता सरकारी दवाखान्यांतही आहे. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर तो पहिला तास मोडून इंजेक्शन द्यायची घाई नसते. तासाभरानं, बाळ छातीवर असतानाच मांडीत देता येतं.

दुसरी पायरी: अंगावर पाजणं

पाजता येत असेल तर आधी हेच. आईची ऊब, तिचा वास, चोखण्याची क्रिया आणि दुधाची गोडी, चारही गोष्टी एकत्र येतात. त्यांचा मिळून जो परिणाम होतो तो एकेकटीचा होत नाही.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे सांगावासा वाटतो. पूर्ण दिवसांच्या १८० बाळांचे चार गट केले आणि शिरेतून रक्त घेताना त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. एका गटातली बाळं अंगावर पीत होती. दुसऱ्या गटातली आईच्या हातात होती, पण पीत नव्हती. तिसऱ्या गटाला नुसतं पाणी दिलं आणि चौथ्याला ग्लुकोजचं गोड द्रावण देऊन चोखणी दिली. पिणाऱ्या बाळांना आणि ग्लुकोज-चोखणीवाल्यांना फार कमी दुखलं. कपड्यांत गुंडाळून नुसती आईच्या हातात असलेली बाळं मात्र पाणी दिलेल्या बाळांइतकीच कळवळली. म्हणजे बाळाला नुसतं हातात धरणं पुरत नाही. एकतर ते पीत असलं पाहिजे, नाहीतर त्याची कातडी आईच्या कातडीला टेकलेली असली पाहिजे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. टोचायच्या निदान पाच मिनिटं आधी बाळाला जवळ घ्या. खुर्चीत बसा, पाठीला टेका लावा, पाय जमिनीवर टेकू द्या. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं असू द्या. स्तनाचं नुसतं टोक बाळाच्या तोंडात असेल तर ते चोखत नाही, चघळतं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे. घोट गिळल्याचा आवाज यायला लागला, की समजा बाळ लागलं. मग ज्या मांडीत टोचायचं ती तेवढीच दुपट्याबाहेर काढा, बाकी सगळं झाकलेलं राहू द्या. सिस्टरला मान हलवून सांगा. सुई जाताना बाळ क्षणभर तोंड सोडेल, एखादी किंकाळीही मारेल. स्तन बाजूला घेऊ नका, ते परत धरतं. सुई काढल्यावरही थोडा वेळ पाजत राहा.

दोन शंका हमखास येतात. बाळाच्या घशात दूध अडकेल का? पूर्ण दिवसांच्या, नीट गिळणाऱ्या बाळांत असं होत असल्याचं अभ्यासांत आढळलेलं नाही. दुसरी शंका आयांच्या मनात जास्त असते: पिताना टोचलं तर बाळ अंगावर प्यायलाच घाबरेल का? तसंही होत नाही. ते पुढच्या पाळीला तितक्याच भुकेनं पितं.

नव्या सिस्टरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आई पाजत असताना उभ्यानं वाकून शीर शोधायला गेलात तर तुमची कंबर जाते आणि हातही स्थिर राहत नाही. बुटकं स्टूल घ्या, आईच्या गुडघ्याच्या उंचीला बसा आणि दिवा आपल्या बाजूला ओढून घ्या. पहिल्या काही वेळा वेळ जास्त जातो. नंतर कमीच लागतो, कारण हातपाय झाडणाऱ्या बाळाची शीर धरण्यापेक्षा पिणाऱ्या बाळाची शीर धरणं सोपं असतं.

पाजता येत नसेल तर: कातडीला कातडी

बाळ नुकतंच पोटभर पिऊन झोपलंय, आईचं सिझर झालंय, बाळाला अजून ओढता येत नाही, अशी कारणं असतातच. तेव्हा कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी. त्याला आईच्या उघड्या छातीवर दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं टेकवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वासाला अडथळा येत नाही. वरून आईचा गाऊन किंवा शाल. असं दहा-पंधरा मिनिटं तरी राहू द्या आणि मग टाच किंवा हात तेवढा बाहेर काढून टोचू द्या. टोचून झाल्यावर लगेच उचलून खाली ठेवू नका.

ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी आणि कमी वजनाची बाळं जास्त, अशी तिथली अडचण होती. मूळ हेतू ऊब द्यायचा आणि जंतुसंसर्ग टाळायचा, वेदनेवरचा उपयोग नंतर लक्षात आला. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, टाच टोचताना आईच्या छातीवर असलेली बाळं पाळण्यातल्या बाळांपेक्षा ८२ टक्के कमी रडली.

सिझर झालेल्या आईला हे पडल्यापडल्या जमतं, पाठीमागे उशा लावून अर्धवट बसवलं की झालं. आईला उठताच येत नसेल तर बाप. आपल्याकडच्या पुरुषांना सुरुवातीला संकोच वाटतो, शर्ट काढून वॉर्डात बसायचं म्हणजे कसं. पण तासगावकडचे द्राक्षबागायतदार, गळिताच्या हंगामाला आलेले ऊसतोड कामगार, बँकेतले साहेब, सगळे बाप छातीवर बाळ घेऊन तासन् तास हलत नाहीत, हे मी बघितलंय. आजी किंवा मावशीही घेऊ शकते. अंघोळ केलेली असावी, सर्दी-खोकला आणि अंगावर पुरळ किंवा गळू नसावं, गळ्यातलं मंगळसूत्र, माळ बाजूला काढून ठेवावी. थंडीच्या दिवसांत पंखा बंद आणि खिडकी लोटलेली हवी.

हातानं मुटकुळं करून धरणं

बाळ काचेत असेल, छातीवर घ्यायची परवानगी नसेल, तरी हे करता येतं. माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात चटकन शिकता येणारा उपाय हाच.

साबणानं कोपरापर्यंत हात धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, आणि हात चोळून गरम करा. गार हात लागला की बाळ दचकतं. एक तळवा बाळाच्या डोक्यावर टोपीसारखा ठेवा. दुसऱ्या तळव्यानं त्याचे पाय गुडघ्यांत दुमडून पोटाशी आणा आणि तळपायांना आधार देऊन तसेच धरा. बाळाचे हात छातीपाशी, शक्यतो तोंडाजवळ येऊ द्या. पोटात असताना ते असंच होतं. बाळ एका कुशीवर असेल तर जास्त बरं. दाब हलका पण ठाम हवा. जोरानं आवळायचं नाही आणि हात हलवायचेही नाहीत.

थोपटणं, गोंजारणं, केसांवरून बोट फिरवणं, हे मोठ्या बाळाला आवडतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सरकणारा, हलका स्पर्श सोसत नाही, तो त्याला आणखी त्रास देतो. म्हणून हात ठेवायचा आणि स्थिर ठेवायचा. सिस्टर टोचत असताना ज्या पायात काम चालू आहे तो तिला मोकळा द्या, बाकीचं मुटकुळं तुमच्या हातात राहू द्या. काम झाल्यावर बाळाचा श्वास एकसारखा होईपर्यंत थांबा, मग एकेक हात सावकाश काढा. दोन्ही हात एकदम उचलले की बाळ परत दचकतं.

हात मोकळे नसतील तर दुपट्यात गुंडाळणं हाही उपाय आहे, पण त्याचा परिणाम कमी. गुंडाळताना पाय सरळ ताणून करकचून बांधू नका. त्यानं खुब्याचे सांधे बिघडू शकतात. कंबरेखाली सैल, पाय दुमडायला जागा राहील असं हवं.

गोड थेंब: दवाखान्यातच, घरी कधीच नाही

डॉक्टर काही वेळा टोचायच्या दोन मिनिटं आधी साखरेच्या किंवा ग्लुकोजच्या निर्जंतुक द्रावणाचे थोडे थेंब बाळाच्या जिभेवर देतात. साखरेचं असेल तर साधारण २४ टक्क्यांचं, ग्लुकोजचं असेल तर २५ टक्क्यांचं. जिभेला गोड लागल्यावर मेंदूतली वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते असं मानतात. नळीवाटे थेट पोटात दिलं तर उपयोग होत नाही, जिभेलाच लागलं पाहिजे. परिणाम चार-पाच मिनिटं टिकतो, म्हणून वेळ चुकली की उपाय वाया गेला. टाच टोचणं, शीर धरणं यांसाठी तो चांगला आहे. बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं आणि दिवसातून किती वेळा, हे डॉक्टर ठरवतात.

हे वाचून कुणी घरी वाटीत साखरपाणी करायला घेईल, ही भीती मला खरोखर वाटते. करू नका. आपल्या भागात बाळाच्या जिभेला गुळाचं बोट किंवा मध लावायची, गुटी उगाळून द्यायची रीत अजून आहे. मधात काही वेळा असे जिवाणू असतात, की वर्षाच्या आतल्या बाळाला त्यांच्यामुळे बोटुलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. वर्षभर मधाचा थेंबही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून पाणीसुद्धा नको. दवाखान्यात दिलेले चार थेंब हा त्या वेळेपुरता उपचार आहे, बाळाचं खाणं नाही.

आईचं पिळून काढलेलं दूध जिभेवर दिलं तर? थोडा उपयोग होतो, अंगावर पाजण्याइतका नाही. बाळ काचेत असेल आणि दुसरं काही शक्य नसेल तर मुटकुळं धरून दुधाचे थेंब द्यायला डॉक्टरांना विचारून बघा. कक्षात थेंब दिल्यावर बाळाला चोखायला स्वच्छ हातमोज्याचं बोट किंवा चोखणी देतात, तो अधिकार तिथल्या सिस्टरांचा. दुकानातून चोखणी विकत आणून घरी सवय लावू नका. दूध येण्यावर परिणाम होतो, आणि बाटली-चोखणीतून जुलाब होतात ते वेगळंच.

टाच टोचताना

सुई क्षणभर टोचते, पण त्यानंतर रक्त येईना म्हणून टाच पिळली जाते, ते जास्त दुखतं. जास्त रक्त हवं असेल तर पूर्ण दिवसांच्या बाळात, हात बसलेल्या माणसानं शिरेतून घेतलेलं रक्त टाचेपेक्षा कमी दुखवतं, असं अभ्यास सांगतात. टाचच टोचायची असेल तर टाचेच्या मधोमध नाही, दोन्ही कडांना, हाडापासून दूर. स्प्रिंगवर चालणारी टोचणी मिळत असेल तर ती साध्या सुईपेक्षा बरी, ती ठरावीक खोलीलाच थांबते. पाय छातीच्या पातळीखाली राहिला तर रक्त उतरायला मदत होते, आणि आईच्या छातीवर उभं धरलेल्या बाळाचा पाय आपोआप खालीच असतो.

आणखी एक, ज्याला कुणी वेदना म्हणून मोजतच नाही: चिकटपट्टी. सलाईनची सुई किंवा नाकातली नळी चिकटवलेली पट्टी खसकन ओढली तर लहान बाळाची कातडी सोलून निघते. कापूस पाण्यात भिजवून पट्टीच्या कडेला लावा, थांबा, कडा सुटायला लागली की पट्टी वर न ओढता कातडीला लागून मागच्या मागे हळूहळू सोडवत न्या. दुसऱ्या हाताच्या बोटानं कातडी दाबून धरा.

बाळ काचेत असेल तर

"मिरजेला हलवलंय, काचेत ठेवलंय," असं गावाकडे फोनवर सांगताना माणसं हबकून गेलेली असतात. या कक्षांतल्या बाळांना रोज कितीतरी वेळा टोचलं, हाताळलं जातं. पॅरिसमधल्या अतिदक्षता विभागांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, निम्म्या बाळांच्या वाट्याला दिवसाला दहा किंवा त्याहून जास्त वेदनादायी प्रक्रिया आल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या बऱ्याच वेदनेवर काहीच न देता झाल्या होत्या.

सरकारी एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, आईबापांना बाळाच्या काळजीत सामील करून घ्यावं, अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१७ पासून आहेत. तेव्हा "आम्हाला आत यायला मिळेल का, हात कसे धुवायचे, बाळाला कसं धरायचं ते शिकवाल का" हे विचारणं तुमचं कामच आहे. गर्दीच्या वेळी नाही म्हणतील. सिस्टरांची पाळी बदलल्यावर परत विचारा. आत गेल्यावर आवाज हळू, मोबाईल बंद. दिव्याची तिरीप बाळाच्या डोळ्यांवर येत असेल तर सिस्टरच्या लक्षात आणून द्या. तुमच्या अंगाचा वास लागलेलं स्वच्छ फडकं बाळाजवळ ठेवता येईल का तेही विचारा. ओळखीच्या वासानंही थोडा फरक पडतो.

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत करून घ्यावी लागते. ती चुकवली तर नजर जाऊ शकते. पण ती दुखवते, कारण पापण्या उघड्या धरून तपासतात. या वेळी बधिर करणारे थेंब डॉक्टर घालतातच. त्याच्या जोडीला दुपट्यात गुंडाळणं, गोड थेंब आणि डोक्या-पायाला हातांचा आधार हवा. तपासणीच्या अगदी आधी पोटभर पाजू नका, उलटी होते. नंतर मात्र लगेच जवळ घ्या.

वेदना मोठी असेल, नळी छातीत घालायची असेल, शस्त्रक्रिया असेल, तर यातला कुठलाही उपाय एकटा पुरत नाही. तिथे औषध आणि भूलच लागते, आणि हे उपाय तिच्या जोडीला असतात.

दीड महिन्याची लस

अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात लसीकरणाला जाताना पुढून उघडणारं झबलं आणि तुम्हाला पाजायला सोपं पडेल असं काही घाला. या खेपेला तोंडातले डोस असतात आणि सुयाही एकाहून जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लसीच्या वेळच्या वेदनेबद्दल सांगितलेलं सरळ आहे: बाळाला टेबलावर उताणं न पाडता आईच्या मांडीवर धरावं, तोंडातले डोस आधी, जास्त झोंबणारी लस शेवटी, सुई खुपसल्यावर दट्ट्या मागे ओढून बघायची गरज नाही, आणि लस टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजावं. पोलिओचे आणि रोटाचे (जुलाबाविरुद्धच्या लसीचे) थेंब दिल्यावर पाजायला कसलीही आडकाठी नाही.

टोचल्यावर तिथे अर्धा तास थांबा. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. सांगलीची हळद कितीही नावाजलेली असली तरी ती सुईच्या जागेवर लावायची नाही, तेलही नाही. मांडी सुजली तर गार पाण्यात पिळलेली घडी ठेवा. बीसीजीच्या जागेवर तर घडीसुद्धा नको. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, खपली धरते आणि वण राहतो, तो यायचाच असतो. तापाचं औषध नर्सताईंनी सांगितलं तेवढंच द्या, लसीला जायच्या आधीपासून देऊ नका.

बाराव्या दिवशी बारशाबरोबर कान टोचायची घाई बऱ्याच घरांत असते. माझं मत विचाराल तर पहिल्या लसी होईपर्यंत थांबा. थांबणं घरच्यांना पटलंच नाही तर नवी, निर्जंतुक सुई, स्वच्छ हात, आणि बाळ अंगावर पीत असताना.

रडणं सुईचं नाही असं वाटलं तर

सुईचं रडणं जवळ घेतल्यावर, पाजल्यावर ओसरतं. पाजूनही न ओसरणारं, किंचाळल्यासारखं किंवा एकदम क्षीण रडणं वेगळं. बाळ ओढायचं थांबलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, झटके आले, तळवे पिवळे दिसले, टोचलेल्या जागेतून रक्त थांबेना, तर घरी थांबून शेक-गुटी करू नका. आशाताई पहिल्या दीड महिन्यात ठरलेल्या दिवशी घरी येतात, पण या वेळी तिची वाट बघायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन लावा, आणि जाताना बाळाला टोपी घालून, छातीशी कपड्यांच्या आत धरून न्या, म्हणजे वाटेत ते गार पडणार नाही.